सोडून गेलेल्या डॉक्टरांच्या इनबॉक्समधला रिपोर्ट

१९ दिवस. एवढे दिवस एक बायोप्सीचा रिपोर्ट आमच्या सिस्टीममध्ये तयार होऊन पडला होता आणि कुणी उघडलाच नव्हता. लॅबनं वेळेत पाठवला होता, सिस्टीमनंही तो ज्यांनी टेस्ट सांगितली त्या डॉक्टरांच्या इनबॉक्समध्ये बरोब्बर टाकला होता, फक्त ते डॉक्टर आमची टीम सोडून गेले होते आणि त्यांचं लॉगिन मीच बंद केलं होतं. शेवटच्या दिवशी, संध्याकाळी ६ वाजता, नियमात लिहिलंय तसं. फॉर्मवर सही केली, फाइलला लावला, आणि काम झालं म्हणून घरी गेले.

पेशंटच्या मुलीचा फोन आला म्हणून कळलं. ती म्हणाली, "मॅडम, बाबांचा रिपोर्ट अजून आला नाही का हो? तुमच्याकडून फोन आला नाही म्हणजे सगळं ठीकच असणार असं आम्ही धरून चाललो होतो." मी नंबर टाकला, रिपोर्ट समोर होता, त्यावरची तारीख बघितली आणि पोटात गोळा आला. रिपोर्ट चांगला नव्हता. त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं, पुढचं सगळं सुरू झालं, आणि सर्जन म्हणाले की एवढ्या दिवसांनी फार फरक पडला नसावा. तो "नसावा" माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

मी आधी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते, मग कॉम्प्युटर सिस्टीम आली तेव्हा ती समजून घेणारं कुणीतरी पाहिजे म्हणून हळूहळू हे काम माझ्याकडे आलं, आता टीममध्ये नवीन आलेल्यांना लॉगिन देणं आणि जाणाऱ्यांचं बंद करणं हे माझंच काम आहे. त्यामुळे आज जे लिहितेय ते दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे, बेडच्या बाजूनं पण आणि स्क्रीनच्या बाजूनं पण.

कुणी सोडून चाललं की अ‍ॅक्सेस बंद करा, हे सगळ्यांना पाठ आहे. कुठल्याही ऑफिसात तेच सांगतात. पण इतर ठिकाणी लॉगिन म्हणजे मुख्यतः किल्ली असते, आमच्याकडे ती किल्ली असतेच आणि शिवाय ते त्या माणसाचं टेबलही असतं. टेबलावर काय काय पडलेलं असतं बघा, मागवलेल्या पण अजून न आलेल्या तपासण्या, आलेले पण न बघितलेले रिपोर्ट, सही न झालेली डिस्चार्ज समरी, ज्युनिअरनं लिहून सीनिअरच्या सहीसाठी ठेवलेल्या नोट्स, औषध चालू ठेवायचं का म्हणून आलेली विचारणा, दुसऱ्या स्पेशालिस्टनं पाठवलेलं उत्तर, पुढच्या महिन्यातल्या अपॉइंटमेंट. यातल्या प्रत्येक कागदाला एक पेशंट चिकटलेला आहे. किल्ली काढून घेतली आणि खोलीला कुलूप घातलं तर टेबल आत राहतं आणि लॅबवाला दाराच्या फटीतून रिपोर्ट आत सरकवतच राहतो. त्याच्या दृष्टीनं रिपोर्ट पोचला. सिस्टीमच्या दृष्टीनंही पोचला. आमच्या त्या रिपोर्टपुढे हिरवी टिक होती, डिलिव्हर्ड म्हणून.

म्हणून आता आम्ही उलट क्रमानं जातो. लॉगिनला हात लावण्याच्या आधी त्या माणसाच्या नावावर काय काय उघडं आहे त्याची यादी काढायची. बहुतेक सिस्टीममध्ये ही यादी निघते, ऑर्डर देणाऱ्याच्या नावानं पेंडिंग रिझल्ट, सही बाकी असलेल्या नोट्स, पुढच्या अपॉइंटमेंट, असे तीन-चार वेगवेगळे रिपोर्ट काढावे लागतात, एका बटणावर सगळं मिळत नाही पण मिळतं. मग प्रत्येक गोष्टीपुढे एका माणसाचं नाव. "टीम बघेल" असं लिहायचं नाही, कारण टीम बघेल म्हणजे कुणीच बघणार नाही हे वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकाला माहितीये.

आणि इनबॉक्स किती दिवस बघायचा? याचं उत्तर मी आधी "एक महिना" असं दिलं असतं. पण टीबीचं कल्चर घ्या, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, ते वाढवायला लिक्विड मीडिया म्हणजे द्रव माध्यम वापरलं तर निगेटिव्ह म्हणायच्या आधी ६ आठवडे थांबतात, घट्ट माध्यमावर ८ आठवडे. जेनेटिक टेस्टनाही कितीतरी आठवडे लागू शकतात. शिवाय आधी फायनल म्हणून आलेला रिपोर्ट लॅब नंतर दुरुस्त करून परत पाठवते, असंही होतं, आणि तो दुरुस्त रिपोर्ट जातो कुठे, तर मूळ ऑर्डर देणाऱ्याकडेच. त्यामुळे आम्ही दिवस मोजणंच सोडून दिलं. शेवटची पेंडिंग ऑर्डर बंद होईपर्यंत तो इनबॉक्स दुसऱ्या डॉक्टरांना जोडलेला राहतो, मूळ माणसाला लॉग इन करता येत नाही पण आत येणारं कुणीतरी वाचतंय. लॉगिन बंद करणं आणि इनबॉक्स बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळ्या तारखांना होतात, आणि एवढी एक गोष्ट जरी तुमच्याकडे आजपासून सुरू झाली तरी मला हे लिहिल्याचं समाधान वाटेल.

आता कुणी म्हणेल की मग घाई कशाला, राहू द्या की लॉगिन महिनाभर उघडं, माणूस ओळखीचाच आहे. नाही. अजिबात नाही. त्याची किंमत काय असते ते अमेरिकेतल्या काही केसेसवरून कळतं, तिथे हिपा कायद्याखाली, म्हणजे पेशंटची माहिती खाजगी ठेवायच्या कायद्याखाली, आरोग्य विभागाचं ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स तपास करतं आणि निष्कर्ष जाहीर करतं, त्यामुळे ते सगळं वाचायला मिळतं. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहराच्या आरोग्य खात्यातली केस मी नवीन आलेल्यांना नेहमी सांगते. जुलै २०१६ मध्ये एका कर्मचारी बाईंना कामावरून काढलं. ८ दिवसांनी त्या परत आल्या, त्यांच्याकडची ऑफिसची चावी अजून चालत होती, जुन्या खोलीत गेल्या, जुनाच युजरनेम आणि पासवर्ड टाकला, तोही चालला, आणि यूएसबी ड्राइव्हवर फाइल्स कॉपी करून घेऊन गेल्या. त्यात ४९८ जणांची माहिती होती, लैंगिक आजारांच्या तपासणीचे निकालसुद्धा. विचार करा, तुम्ही विश्वासानं जाऊन ती तपासणी केली आहे आणि तिचा निकाल कुणाच्या तरी पर्समधल्या ड्राइव्हवर फिरतोय. आणि तपासात आणखी एक गोष्ट निघाली, त्या बाईंनी आपला युजरनेम-पासवर्ड एका इंटर्नला दिलेला होता आणि त्या गेल्यानंतरही ती इंटर्न तोच वापरत होती. २०२० मध्ये शहराला तडजोडीत २,०२,४०० डॉलर भरावे लागले.

कोलोरॅडोतल्या पगोसा स्प्रिंग्ज मेडिकल सेंटरची केस त्याहून साधी वाटते. तिथे सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याला वेबवरच्या अपॉइंटमेंट कॅलेंडरचा अ‍ॅक्सेस राहून गेला होता. मुख्य रेकॉर्ड नाही, नुसतं कॅलेंडर. पण त्या कॅलेंडरमध्ये ५५७ पेशंटची माहिती होती, आणि २०१८ मध्ये १,११,४०० डॉलरवर मिटलं. कॅलेंडरला आपण सिस्टीम म्हणतच नाही ना, तिथेच चूक होते. कोण कुठल्या दिवशी कुठल्या डॉक्टरांकडे जातंय यावरून आजार कळतो.

आणि सगळ्यात मोठी म्हणजे फ्लोरिडातल्या मेमोरियल हेल्थकेअर सिस्टीमची. त्यांच्याशी जोडलेल्या एका डॉक्टरच्या ऑफिसात पूर्वी काम करणाऱ्या व्यक्तीचं लॉगिन एप्रिल २०११ ते एप्रिल २०१२, म्हणजे एक अख्खं वर्ष, रोज वापरलं जात होतं. रोज! जवळजवळ ८०,००० लोकांची माहिती त्यातून बघितली गेली. २०१७ मध्ये ५५ लाख डॉलरची तडजोड झाली. मला यात आकड्यापेक्षा "जोडलेल्या ऑफिसात" हे महत्त्वाचं वाटतं. तो माणूस हॉस्पिटलच्या पगारावर नव्हताच, त्यामुळे तो गेला हे हॉस्पिटलला कोण सांगणार. आपल्या टीमचे निम्मे युजर असेच असतात, बाहेरच्या लॅबचा माणूस, एजन्सीची नर्स, मशीन दुरुस्त करणारा इंजिनिअर, दोन आठवड्यांसाठी आलेले बदली डॉक्टर, ट्रेनिंगचे विद्यार्थी. यांच्यासाठी कुणी निरोप समारंभ करत नाही, आणि एचआरच्या यादीतही ते नसतात. त्यांचं लॉगिन बनवतानाच त्याला शेवटची तारीख घालायची, हा एकच उपाय मला तरी चाललेला दिसला. मुदत वाढवून पाहिजे असेल तर त्यांना घेणाऱ्यानं येऊन सांगावं. विसरलं गेलं तर ते आपोआप बंद होतं, उघडं राहत नाही.

पण या शेवटच्या तारखेचीही एक गोष्ट आहे आणि ती सांगायलाच पाहिजे.

आमच्या एका सिस्टरची शेवटची ड्यूटी नाइट होती. रात्री ८ ते सकाळी ८. एचआरनं शेवटची तारीख ३० लिहिलेली, मी सिस्टीममध्ये एक्स्पायरी ३० टाकली. आता सिस्टीमच्या हिशोबात ३० तारीख रात्री १२ ला संपते. सिस्टरच्या हिशोबात ३० तारखेची ड्यूटी ३१ च्या सकाळी संपते. कुणाचंच चुकलेलं नव्हतं. रात्री १२ वाजून गेल्यावर त्या एका पेशंटच्या औषधांची नोंद करायला गेल्या, पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड स्कॅन केला आणि स्क्रीन लॉगिनच्या पानावर परत आली. पासवर्ड टाकला, नाही. परत टाकला, नाही. रात्रीच्या वेळी आयटीला फोन केला तर तिथल्या मुलानं बरोबरच सांगितलं, तुमचं खातं संपलंय, मला उघडायचा अधिकार नाही.

वॉर्डात २२ पेशंट. दोनच सिस्टर. मग काय होतं ते वॉर्डातल्या कुणालाही विचारा, दुसरी सिस्टर म्हणाली माझं लॉगिन वापर. त्यांनी वापरलं, दुसरं करणार काय, अँटिबायोटिकची वेळ झालेली. पुढचा प्रश्न २ वाजता आला. ऑपरेशन झालेल्या एका पेशंटला मॉर्फिन द्यायचं होतं, ते कुलपातल्या कपाटातून काढायला दोन वेगळी लॉगिन लागतात, एक काढणाऱ्याचं, एक साक्षीदाराचं. आता वॉर्डात माणसं दोन पण चालू लॉगिन एकच. कपाट उघडेना. शेवटी शेजारच्या वॉर्डातली सिस्टर तिचं काम टाकून आली, तोवर २० मिनिटं गेली होती. २० मिनिटं म्हणजे कागदावर काहीच नाही, पण पोटाला टाके घातलेला माणूस दुखणं सहन करत छताकडे बघत पडलेला असतो तेव्हा ती २० मिनिटं किती लांब असतात ते मी बघितलंय.

आणि त्या रात्रीचं रेकॉर्ड आजही तसंच आहे. त्यात दुसऱ्या सिस्टरनं एकाच मिनिटाला वॉर्डाच्या दोन टोकांच्या पेशंटना औषध दिलंय. नंतर दुरुस्तीची नोंद टाकली, कारण लिहिलं, पण मूळ नोंद तशीच राहते आणि राहायलाच पाहिजे. उद्या कुणी विचारलं की हे औषध कुणी दिलं तर कॉम्प्युटर चुकीचं नाव सांगणार. ज्या सिस्टरनं मदत केली तिच्या नावावर तिनं न केलेलं काम चढलं, आणि जिनं अख्खी रात्र काम केलं तिच्या नावावर १२ नंतर काहीच नाही. प्रत्येकाला स्वतःचं वेगळं लॉगिन पाहिजे असं जे सगळे नियम सांगतात, हिपातही ते सक्तीचं आहे, त्याचा अर्थ मला त्या रात्रीनंतर खरा कळला.

तेव्हापासून मी एचआरची तारीख घेतच नाही, ड्यूटी रोस्टर बघते. शेवटची ड्यूटी किती वाजता संपते, त्याच्यापुढे आणखी ४ तास, कारण हँडओव्हर लांबतो, नोंदी लिहायच्या राहिलेल्या असतात आणि थकलेल्या माणसाला घड्याळाच्या धाकानं नोंदी लिहायला लावल्या तर त्या तशाच होणार. ४ तासांनी बंद. तारीख नाही, वेळ. ज्या सिस्टीममध्ये फक्त तारीख टाकता येते तिथे दुसऱ्या दिवशीची टाकायची आणि सकाळी हातानं बंद करायचं, मी अलार्म लावते.

ज्यांना कामावरून काढलं जातं त्यांचं वेगळं असतं, तिथे बोलणं चालू असतानाच अ‍ॅक्सेस बंद व्हावा लागतो आणि ते मला आधी तासभर तरी कळायला पाहिजे. पण तिथेही, त्या क्षणी त्यांच्या हाताखाली जे पेशंट आहेत ते कुणाकडे जाणार हे आधी ठरलेलं असायला हवं. तो निर्णय माझा नाही, विभागप्रमुखांचा आहे, पण विचारते मी. प्रत्येक वेळी विचारते.

आणि "बंद" म्हणजे काय याबद्दलही थोडं. खातं डिसेबल केलं की माणूस त्या क्षणी बाहेर पडतो असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नसतं. विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एका ठिकाणाहून सांभाळतात त्या नेटवर्कमध्ये, एकदा लॉग इन केलं की आत फिरायला जे डिजिटल तिकीट मिळतं त्याची मुदत डीफॉल्टनं १० तास असते. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये अ‍ॅक्सेस टोकन, म्हणजे तसाच एक तात्पुरता पास, साधारण ६० ते ९० मिनिटांचं असतं, खातं डिसेबल केल्यावर नवीन मिळत नाही पण हातातलं आहे ते मुदत संपेपर्यंत चालू शकतं. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तर माणूस महिनोन्‌महिने लॉग इन राहिलेला असतो, तिथे काही वेळा नुसता पासवर्ड बदलून काहीच होत नाही. म्हणून डिसेबल करा आणि त्याबरोबर चालू सेशन तोडा, हे दुसरं बटण वेगळं असतं आणि ते दाबायचं राहून जातं. एकदा करून बघा, एक टेस्ट युजर बनवा, फोनवर लॉग इन करा, मग इकडून डिसेबल करा आणि फोन हातात घेऊन बसा किती वेळ चालतंय ते. मी केलं. इमेजिंगचं व्ह्यूअर अ‍ॅप आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडत होतं.

डिलीट मात्र करायचं नाही. डिलीट आणि डिसेबल यात लोक गल्लत करतात. गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेला युजर २० दिवस परत आणता येतो, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवस, त्यानंतर कठीण. आणि क्लिनिकल सिस्टीममध्ये तर त्या माणसाच्या नावावर हजारो नोंदी असतात, त्या नोंदींना मालक पाहिजे, पाच वर्षांनी कुणी विचारलं की हा डोस कुणी लिहिला तर नाव निघायला पाहिजे. त्याच कारणासाठी जुना युजरनेम नवीन माणसाला कधीही द्यायचा नाही, आडनाव आणि आद्याक्षर जुळलं तरीही. एका ठिकाणी मी बघितलंय, नवीन आलेल्या डॉक्टरच्या नावावर ते शाळेत होते तेव्हाच्या नोंदी दिसत होत्या.

आता येते ती यादी जी आयटीकडेही नसते आणि एचआरकडेही नसते. मुख्य सिस्टीम, ईमेल, दाराचं कार्ड हे सगळ्यांना आठवतं. पण टीमनं आपलं आपण जे जमवलेलं असतं त्याचं काय? बाहेरच्या लॅबचं पोर्टल, विम्याचं पोर्टल, व्हिडिओ कन्सल्टेशनचं अ‍ॅप, ऑनकॉलचं शेअर केलेलं शीट, कुणीतरी बनवून ठेवलेला रिपोर्ट जो रोज सकाळी ७ ला ईमेलवर जातो, त्या ईमेलच्या यादीत दोन वर्षांपूर्वी गेलेले तीन जण. ग्लुकोमीटर आणि ब्लड गॅस मशीनवर ऑपरेटर नंबर टाकावा लागतो, तो कुठल्याही सेंट्रल लॉगिनशी जोडलेला नसतो बऱ्याचदा, आणि गेलेल्या सिस्टरचा नंबर अख्खा वॉर्ड वापरत असतो कारण तो सगळ्यांना पाठ झालेला. हे वाचून कुणाला आपला वॉर्ड आठवला असेल तर उद्याच तो नंबर बंद करा आणि प्रत्येकीचं ट्रेनिंग पूर्ण करून तिचा तिचा नंबर द्या, ट्रेनिंग राहिलं म्हणूनच तो उसना वापरला जातो.

मेसेजिंग ग्रुपचं तर काय सांगू. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून माणसाला काढलं तरी आधीचे सगळे मेसेज आणि फोटो त्याच्या फोनमध्ये राहतात. म्हणजे तिथे अ‍ॅक्सेस काढून घेणं हा प्रकारच नाही. जखमेचा फोटो, ईसीजीचा फोटो वर नावासकट, हे एकदा गेलं की गेलं. त्यामुळे तो प्रश्न माणूस सोडून जाताना सुटत नाही, तो पहिल्या दिवशीच सोडवायचा असतो.

ओटीपीचंही सांगते. एका बाहेरच्या पोर्टलचं खातं आमच्या आधीच्या कोऑर्डिनेटरनं उघडलं होतं, स्वतःच्या मोबाइल नंबरवर, कारण त्या दिवशी तातडीनं पाहिजे होतं आणि दुसरा नंबर नव्हता. ती सोडून गेली. त्यानंतर जवळजवळ दोन महिने आम्ही रोज सकाळी तिला फोन करून ओटीपी विचारत होतो. तिनं कधी कुरकुर केली नाही, बिचारी नव्या नोकरीत मीटिंगमधून बाहेर येऊन आकडे सांगायची. पण हे तिच्यावर किती अन्यायाचं आहे बघा. त्या पोर्टलवर काही गडबड झाली असती तर नंबर तिचा होता. लॉगिन बंद करणं म्हणजे जाणाऱ्यावर अविश्वास दाखवणं असं ज्यांना वाटतं त्यांना मी हेच सांगते, ज्या दिवशी तो माणूस इथला राहत नाही त्या दिवसापासून इथल्या कुठल्याही नोंदीत त्याचं नाव येऊ नये, हे त्याच्या भल्याचं आहे. लॉगिन उघडं राहिलं आणि दुसऱ्यानं वापरलं तर लॉगमध्ये नाव त्याचंच येणार, आणि तो तिथे नव्हता हे सिद्ध करत बसायची पाळी त्याच्यावर.

जाणाऱ्यांपेक्षा बदली होणारे जास्त सुटतात, हे मात्र मला उशिरा कळलं. रेसिडेंट डॉक्टर दर काही महिन्यांनी विभाग बदलतात, प्रत्येक विभाग नवीन अ‍ॅक्सेस देतो आणि जुना कुणी काढत नाही, तिसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत त्यांच्याकडे सगळ्या हॉस्पिटलचं सगळं उघडं असतं. फॉर्म फक्त येताना आणि सोडताना भरला जातो, मधल्या बदलीला फॉर्मच नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी मी प्रत्येक इन्चार्जला त्यांच्या युनिटच्या अ‍ॅक्सेसची छापील यादी नेऊन देते. ईमेल नाही, कागद, हातात. आणि समोर उभी राहते. सीनिअर सिस्टर पेन घेऊन खाली खाली येतात, "ही आता ओपीडीला, ही रजेवर, हा कोण?" तो "हा कोण?" आला की माझी फेरी सार्थकी लागली.

गेल्या शुक्रवारी आमच्या एका डॉक्टर मॅडमचा शेवटचा दिवस होता. गुरुवारी दुपारी आम्ही दोघी त्यांच्या स्क्रीनसमोर अर्धा तास बसलो, आता हे मी प्रत्येकाबरोबर करते, जमेल तितकं. सही बाकी असलेल्या ११ नोट्स त्यांनी तिथेच संपवल्या. पुढच्या अपॉइंटमेंट टीममधल्या दुसऱ्या डॉक्टर सरांकडे वळवल्या. एका जुन्या पेशंटपुढे थांबून म्हणाल्या, "यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यांच्या सुनेच्या नंबरवर सांगा," आणि तो नंबर स्वतः रेकॉर्डमध्ये टाकला. अशा गोष्टी कुठल्याच फॉर्ममध्ये नसतात. फोनवरच्या अ‍ॅपमधून त्यांनी माझ्यासमोर लॉगआउट केलं. मेलला ऑटोरिप्लाय लावला, कुणाशी संपर्क करायचा ते नाव घालून. मग पेंडिंग रिझल्टची यादी काढली, सात होते, त्यातले सहा शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आले आणि त्यांनी बघितले.

सातवं टीबीचं कल्चर आहे, नमुना गेल्याला तीन आठवडे झालेत. लॉगिन शुक्रवारी रात्री १२ ला बंद झालं, ड्यूटी ८ ला संपली होती, वर ४ तास. इनबॉक्स सरांना जोडलेला आहे. कल्चरचा रिपोर्ट अजून यायचाय, माझ्या वहीत त्या पेशंटचा नंबर लिहून ठेवलाय आणि दर सोमवारी सकाळी मी उघडून बघते.